जमीन थांबते, शरीर का थांबत नाही?

10 जुलै 2024 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचा धक्का नांदेड आणि परभणीपर्यंत जाणवला. तीव्रता 4.5 होती. लोक घराबाहेर धावले. धक्का काही सेकंदांचाच होता. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांची छाती त्यानंतरही धडधडत होती, तोंडाला कोरड पडली होती, हात थरथरत होते. जमीन थांबली, मग शरीर का थांबले नाही? एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तर पाठ्यपुस्तकातला संप्रेरकांचा तक्ता त्याला पुरणार नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. वजन प्रत्येकी चार-पाच ग्रॅम. खरे म्हणजे प्रत्येक ग्रंथीत दोन ग्रंथी आहेत: आतला गाभा आणि बाहेरची साल. गाभ्यापर्यंत मज्जारज्जूतून चेतातंतू आलेले असतात. त्यामुळे धोक्याची वर्दी मिळताच तो काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सोडतो. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1901 च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले हेच ते संप्रेरक. हृदय जोरात चालते, यकृतातील साखर रक्तात येते, पचन मंदावते. दोन-तीन मिनिटांत रक्तातील अ‍ॅड्रिनॅलिन निम्मे होते.

सालीकडे जाणारा हुकूम मात्र टपालाने जातो. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक पियुषिका ग्रंथीला कळवतो, पियुषिका रक्तातून अधिवृक्काला कळवते, आणि मग कॉर्टिसॉल तयार होते. त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर जाते. म्हणजे भूकंपाचा धक्का पोचतो सव्वासातला आणि कॉर्टिसॉलचा भर येतो पावणेआठला!

कॉर्टिसॉलला खलनायक ठरवण्याची सध्या पद्धत पडली आहे. ते बरोबर नाही. रोज सकाळी जाग आल्यावर ते वाढते, म्हणून तर आपण उठून कामाला लागतो; मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. रक्तदाब, साखर आणि दाह यांच्यावर त्याचा ताबा असतो. शिवाय ते स्वतःच स्वतःला आवरते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल झाले की मेंदूतील अधश्चेतक आणि स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग ते ओळखतात आणि पुढचा हुकूम थांबवतात. पाण्याची टाकी भरली की बॉलकॉक नळ बंद करतो, तसेच हे. अडचण येते ती टाकी भरूनही नळ बंद होत नाही तेव्हा.

मराठवाड्याने याचे फार मोठे उदाहरण पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे अंगावर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. वाचलेल्यांसाठी धक्का त्या पहाटेपुरता नव्हता. नंतरचे हादरे येत राहिले, लोक उघड्यावर झोपत राहिले. डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला, हे महत्त्वाचे; कारण त्या काळी मदत म्हणजे पत्रे, धान्य आणि घरे एवढीच समजली जाई. एक गुंतागुंतही सांगायला हवी. अशा आघाताने वर्षानुवर्षे पछाडलेल्या काही लोकांत कॉर्टिसॉल वाढलेले नव्हे, तर कमी आढळते. यंत्रणा नुसती तापत नाही, तिची घडीच बदलते.

आता त्याच लातूरमध्ये आणि शेजारच्या नांदेडमध्ये या. गावोगावची मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी येथे येतात. कित्येकांची आई खोली करून सोबत राहते. येथे जमीन हलत नाही. पण दर आठवड्याला चाचणी असते आणि तिचा निकाल क्रमवार भिंतीवर लागतो. शरीराच्या दृष्टीने हे काय आहे?

डिकरसन आणि केमेनी या संशोधकांनी 2004 मध्ये प्रयोगशाळेतील 208 अभ्यास एकत्र तपासले. कष्टाच्या प्रत्येक कामाने कॉर्टिसॉल वाढते असे त्यांना दिसले नाही. ते सर्वाधिक वाढले दोन गोष्टी एकत्र आल्या तेथे: परिणाम आपल्या हातात नाही, आणि चारचौघांत आपली पारख होत आहे. भिंतीवरची यादी आता पुन्हा डोळ्यांसमोर आणा. आमच्या मते गणिते जास्त दिल्याने जेवढे बिघडत नाही, तेवढे या यादीने बिघडते.

आणि त्याचा परिणाम नेमका परीक्षेच्या वेळी दिसतो. झुरिचमधील एका प्रयोगात (प्रसिद्धी 2000) लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी आठवायला सांगण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. तीच गोळी पाठ करण्याच्या वेळी दिली तर असा तोटा झाला नाही. म्हणजे धडा डोक्यात होता. तो बाहेर काढण्याची वाट अडली होती. ‘सगळं येत होतं सर, पेपर हातात आल्यावर काहीच सुचेना’ हे वाक्य आपण किती वेळा बहाणा म्हणून उडवून लावले असेल!

अमेरिकेत 1998 मध्ये दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर 3.5 मिलिमीटरची छोटी जखम मुद्दाम करून पाहिली: एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला. परीक्षेच्या दिवसांत तोंड येते, सर्दी हटत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला म्हणूनच नाटकी ठरवू नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना स्वस्थ बसवून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजायला सांगा. मग गंभीरपणे म्हणा, ‘वह्या मिटा, आता तोंडी परीक्षा.’ लगेच नाडी मोजा. नंतर परीक्षा नाही हे सांगून टाका आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. पहिली उसळी मुख्यतः चेतातंतूंची असते, अ‍ॅड्रिनॅलिन तिला हात देते. प्रत्येकाची नाडी किती वेळात उतरते यातला फरक मुलांना स्वतःलाच दिसेल. आधीच घाबरणाऱ्या मुलाला मात्र मोजणी लिहून घेण्याचे काम द्यावे.

सेरोटोनिन आणि डोपामिन यांचीही नावे मुले ऐकून असतात. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचे रसायन, हे फार ढोबळ झाले. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते, आणि ते कमी पडले म्हणजेच नैराश्य येते या कल्पनेला 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात सुसंगत पुरावा मिळाला नाही. तरीही त्याच्याशी संबंधित औषधांचा अनेकांना गुण येतो. कोणीही ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

झोपेचे काय? कॉर्टिसॉल रात्री उतरते, आणि दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते. एक वाजता झोपून चारला उठणारे मूल हे दोन्ही गमावते. ज्या मुलाची झोप, भूक आणि बोलणे दोन आठवडे बिघडलेले दिसेल, त्याला बाजूला घेऊन विचारावे, घरच्यांशी बोलावे. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला जागा फारशी लागत नाही.