लॉकडाऊनमधला लॅपटॉप : अपग्रेड करावा की नवा घ्यावा?

२०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतलेला लॅपटॉप अनेक घरांत अजूनही आहे. सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात, ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडले की पंखा घरघरू लागतो. त्या वेळी शाळेत असलेली मुले आता कॉलेजात पोहोचली आहेत आणि घरात प्रश्न निघतो : यात आणखी पैसे घालायचे की नवाच घ्यायचा?

हे लॅपटॉपच्या वयावर कमी आणि आतल्या प्रोसेसरवर जास्त ठरते. डिस्क, बॅटरी आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमही बदलता येते. प्रोसेसर मात्र आजकाल मदरबोर्डलाच पक्का जोडलेला असतो.

प्रोसेसर कितव्या पिढीचा?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट पुढे काही काळ मिळतात, पण ती तात्पुरती सोय. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट येथे त्याचे नाव दिसते. ‘आय५-८२५०यू’मधला ८ म्हणजे आठवी पिढी, ‘आय३-१००५जी१’मधले १० म्हणजे दहावी. बिलावर २०२० असले म्हणून निर्धास्त राहू नये. आतला प्रोसेसर त्याआधीचा असू शकतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप थेट हो किंवा नाही सांगते.

उत्तर ‘हो’ आले, तर नव्या लॅपटॉपची घाई नको. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्क ‘एचडीडी’ दिसत असेल, तर दुखणे बहुधा तिथेच आहे. या डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती शोधावी लागते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. केवळ हा बदल केला तरी तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये बसवून बॅकअपसाठी वापरता येते, ती दुकानात सोडून येऊ नये.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. त्याच टॅबवर ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहावे. पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरपासून रॅम महागली आहे. त्यामुळे ओळखीच्याने गेल्या वर्षी दिलेली किंमत धरून बसू नये, आजचा भाव विचारावा.

पैसे कधी घालू नयेत?

बिजागरी तुटली, स्क्रीनवर रेषा आल्या आणि बॅटरीही संपली, अशी तिन्ही दुखणी एकत्र असतील तर लॅपटॉप निरोपालाच आला आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. मग अपग्रेडचा विचार नंतर. आधी चार्जिंग बंद करून तो दुरुस्तीवाल्याला दाखवावा.

प्रोसेसर सातव्या पिढीचा असला तरी यंत्र लगेच भंगारात जात नाही. एसएसडी आणि लिनक्स मिंट टाकून ब्राउझिंग, व्हिडिओ, निबंध-प्रोजेक्ट चालतात. मात्र टॅली किंवा ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाही. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर लागेल ते आधी विचारावे, मगच खर्च करावा.

काहीही ठरले तरी लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्यावा, ब्राउझरमधून बँकेचे सेव्ह केलेले पासवर्ड काढून टाकावेत.