वडिलांवरचा राग आणि मनाचा उपचार

ताप आला की आपण लगेच दवाखाना गाठतो. पण जन्मदात्याबद्दल मनात वर्षानुवर्षे साचलेल्या कडवटपणावरही उपचार असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. "आईबापांबद्दल असे बोलू नये," एवढे ऐकून माणूस गप्प बसतो. म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो.

माझे वडील अतिशय तापट. सातवीत स्कॉलरशिप मिळाली त्याच दिवशी सायकल पंक्चर केली म्हणून भर गल्लीत चपलेचा मार खाल्ला. पुढे नोकरी लागली, संसार झाला. तरी त्यांचा आवाज ऐकला की छातीत धडधडे. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर सेवा माझ्याकडे आली आणि माझी झोपच उडाली. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशकांकडे पाठवले.

तेथे कुणी वडिलांची बाजू घेतली नाही, की त्यांना दोषही दिला नाही. उपचार विवेकनिष्ठ पद्धतीचा होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली; आपल्याकडे ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचे सूत्र साधे आहे: घटना, तिच्याविषयीची आपली समजूत आणि त्यातून उठणारी भावना या तीन गोष्टी वेगळ्या. मी वहीत तीन रकाने आखले. घटना: वडिलांनी मारले. भावना: संताप. मधल्या रकान्यात उतरले, 'त्यांनी प्रेमाने वागायलाच हवे होते. नाही वागले, म्हणजे माझ्यातच खोट आहे.'

समुपदेशक म्हणाले, "प्रेम मिळाले असते तर बरे झाले असते, हे खरेच. पण ते मिळाले नाही, यावरून तुमची किंमत कशी ठरते?"

दहा-बारा बैठकांनंतर भूतकाळ तोच राहिला, दृष्टी बदलली. तो मार चूकच होता, असे मी आजही म्हणतो. पण तेराव्या वर्षी हमालीला लागलेला, स्वतः मार खात वाढलेला माणूसही आता मला दिसतो. वडिलांनी माफी मागितलेली नाही. तरी त्यांची दाढी करताना माझा हात थरथरत नाही आणि रात्री झोप लागते.

उपचार म्हणजे सक्तीची क्षमा नव्हे. घरात आजही मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षितता पाहावी. झोप, भूक किंवा कामावर परिणाम होत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.