तस्दीक : खऱ्याला खरे म्हणणे

१९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठी, हिंदी आणि उर्दू इथे शेजारी नांदल्या. त्यामुळे अर्जावर ‘सत्यापन’ किंवा ‘साक्षांकन’ छापलेले असले, तरी आपल्या घरातले वडीलधारे त्याला ‘तस्दीक’च म्हणतात.

हा शब्द अरबी. मूळ ‘सिद्क’, म्हणजे खरेपणा. सादिक, सदका, सिद्दीक हे याच घराण्यातले शब्द. मेराजची हकीकत ऐकताच हजरत अबू बकर (रजि.) यांनी ती खरी मानली, म्हणून ते ‘सिद्दीक’ म्हणून ओळखले जातात. ईमान समजावून सांगताना उलमा दिलाने केलेली तस्दीक पहिली धरतात. तेव्हा तस्दीक म्हणजे संशय घेणे नव्हे, तर खऱ्याला खरे म्हणणे.

मराठीतला ‘तसदी’ याचा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्या घरचा. अरबी ‘तस्दीअ’ म्हणजे डोकेदुखी देणे. त्यावरून तसदी म्हणजे त्रास. कचेरीत मात्र तस्दीक आणि तसदी बरेचदा एकत्रच भेटतात!

या त्रासाचे मूळ अनेकदा आपल्या नावात असते. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘महंमद’, रेशनकार्डावर नुसते ‘मो.’, ‘शेख’ कुठे आधी, कुठे शेवटी. माणूस एकच, पण कागद तीन माणसे दाखवतात. उर्दूतले नाव देवनागरीत किंवा इंग्रजीत उतरवताना लिहिणारा ऐकेल तसे लिहितो. मग पासपोर्ट, शिष्यवृत्ती, वारसाहक्क सारेच अडते.

म्हणून मुलाचा जन्म नोंदवतानाच नाव कागदावर लिहून न्यावे आणि शाळेत, आधारवर अक्षरन् अक्षर तेच ठेवावे. चूक राहिली असेल, तर दहावीचे प्रमाणपत्र निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी.

२०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वसाक्षांकनाला चालना दिली. अनेक कामांत राजपत्रित अधिकाऱ्याऐवजी आता आपलीच सही चालते. सोय झाली, तशी जबाबदारीही वाढली. सूरह हुजुरातमध्ये (४९:६) आलेली बातमी आधी पडताळून पाहण्याची ताकीद आहे. तोच नियम कागदालाही लावू या. भाडेकरार असो वा निकाहनामा, न वाचता साक्षीदार म्हणून सही करू नये. सही केली, म्हणजे आपण ‘हे खरे आहे’ असे म्हटले.