मूल गेल्यानंतरचे घर

विठ्ठलमंदिरात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की उत्तररंगाच्या आरंभी बायकांच्या बाजूला थोडी चुळबुळ असे. पण रोहिदासाला सर्पदंश झाला, की सगळीकडे सामसूम होई. लहानपणी मी तेथे पेटीची साथ करीत असे. वडील राजवाड्याच्या पदरी गवई. परंतु एकादशीला मंदिरात जाऊन बसण्याचा त्यांचा नेम होता आणि मला बरोबर नेण्याचाही. तारामती मेलेले मूल उराशी धरून स्मशानात येते. तेथे डोंबाचा चाकर होऊन उभा असलेला तिचाच नवरा तिच्याकडे स्मशानाचा हक्क मागतो, आणि मग दोघांची ओळख पटते. या जागी बुवा फार वेळ थांबत नसत. लगेच विश्वामित्र, इंद्र, पुष्पवृष्टी! मूल उठून बसे, झांजा वाजत आणि आम्ही आरतीला उभे राहत असू.

त्या वयात मला झांजाच आवडत. आता वाटते, ओळख पटणे आणि देव येणे यांच्यामध्ये जो काळ गेला, त्याचे काय? मार्कंडेयपुराणात ते दोघे मुलाच्याच चितेत उडी घ्यायचे ठरवतात. म्हणजे पुराणकर्त्यालाही ठाऊक होते की मूल उठले नसते, तर या नवराबायकोने पुढे एका छपराखाली दिवस कसे काढावेत ही गोष्ट सांगणे अवघड आहे. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच कथेवर, आणि रोहिदासाच्या कामासाठी त्यांनी उभे केले ते स्वतःच्याच मुलाला, भालचंद्राला. स्मशानाचा तो देखावा घेताना त्या बापाच्या मनात काय आले असेल, कोण जाणे!

ही अवघड गोष्ट अलीकडच्या लेखकांनी अंगावर घेतली. त्यांच्या कथांत देव येत नाहीत. मूल गेलेले असते, ते गेलेलेच राहते, आणि स्वयंपाकघरात दोन माणसे असतात.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत आपल्याकडे एक आणखी अडचण आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी नाही, भूमी द्यावी, असे मनुस्मृती सांगते. त्याला तिलांजलीही नाही. मोठे माणूस गेले तर तेरा दिवस घर भरलेले असते, कुणी भात आणून देते, कुणी नुसते बसून राहते. तान्हे मूल गेले तर शेजारीण दारातूनच म्हणते, "तरुण आहात, होईल दुसरं." म्हणते ती भल्यासाठीच. पण ज्या दुःखाला विधी नाही, त्याचे करायचे काय हे त्या दोघांनीच ठरवायचे असते, आणि दोघे वेगवेगळे ठरवतात. आमच्या घरी हे घडले आहे, म्हणून लिहितो. आमची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बारशाचा पाळणा शेजारून मागून आणलेला होता. तो तसाच परत गेला.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने मला झुंपा लाहिरी यांचा कथासंग्रह वाचायला दिला. 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' हा संग्रह १९९९ साली निघाला आणि २००० साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातली पहिलीच कथा 'अ टेंपररी मॅटर'. बॉस्टनकडे राहणारे एक बंगाली जोडपे, शोभा आणि सुकुमार. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे मूल मृत जन्मले आहे. दिवस भरायला तीन आठवडे असताना शोभाला कळा सुरू झाल्या, तेव्हा नवरा एका परिषदेसाठी बाल्टिमोरला गेलेला होता. तिने त्याला जाण्याचा आग्रहच केला होता, तरीही तो नव्हता ही गोष्ट घरात एखाद्या जड कपाटासारखी उभी आहे. कुणी तिचा उल्लेख करीत नाही, दोघे वळसा घालून जातात.

लेखिकेने दुःखाचे वर्णन जवळजवळ केलेलेच नाही. तिने घर दाखवले आहे. पूर्वी शोभा कोठी भरून ठेवी, पाहुणे अचानक आले तरी तिच्याकडे सगळे तयार. आता ती उशिरापर्यंत कचेरीत काम करते आणि सुकुमार तिने साठवलेले जिन्नस एक एक करून संपवीत स्वयंपाक करतो. बाळासाठी सजवलेल्या खोलीत तो आपला प्रबंध घेऊन बसतो. कारण एकच, तेथे शोभा येत नाही. नवराबायको एकमेकांना टाळण्यात किती हुशार होऊ शकतात, हे इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेले नाही.

मग वीज कंपनीची चिठ्ठी येते. पाच दिवस रोज रात्री आठ वाजता तासभर दिवे जाणार. मेणबत्तीच्या उजेडात ती दोघे बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवायला बसतात. शोभाला भारतातले आजीचे घर आठवते. तेथे दिवे गेले की प्रत्येकाने काहीतरी सांगायचे असे. आपण एकमेकांना आजवर न सांगितलेले सांगू या, असे ती सुचवते. आणि सुरू होते. ओळख नवी असताना तिने त्याच्या पत्त्यांच्या वहीत आपले नाव आहे का ते चोरून पाहिले होते. तो हॉटेलात वाढप्याला बक्षिशी द्यायला विसरला होता आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन देऊन आला. अशा लहानसहान लबाड्या, लहानसहान लाजा. रोज रात्री ती थोडी जवळ येतात. वाचणारा मनात म्हणतो, सावरले! घर सावरले!

काम एक दिवस आधीच आटोपते आणि दिवे जाण्याचे थांबतात. लख्ख उजेडात शोभा सांगते की तिने वेगळे बिऱ्हाड पाहिले आहे. इतक्या रात्रींची सारी तयारी तिला हे सांगण्यासाठी हवी होती. त्यावर सुकुमार तिला ती गोष्ट सांगतो, जी कधीही सांगायची नाही असे त्याने ठरवले होते. बाळ मुलगा की मुलगी हे जन्मापर्यंत आपल्याला कळू नये, असे शोभाला वाटे. तेवढे एक गूढ तिच्यापाशी उरले होते. तिला वाटत होते की नवरा उशिरा पोचला, त्याने काहीच पाहिले नाही. तो मात्र वेळेवर पोचला होता. त्याने बाळाला हातात घेतले होते. मुलगा होता, केस काळे होते, मुठी मिटलेल्या होत्या.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, शेवटी त्यानं सूड घेतला." मला तसे वाटले नाही. सूडाचा अंश आहे, नाही म्हणत नाही. पण सहा महिने एका माणसाने ते वजन एकट्याने हातावर पेललेले होते, ते त्याने खाली ठेवले, असेही त्याच वाक्यात आहे. दोघे रडतात आणि कथा तेथे थांबते. ती वेगळी झाली की नाही, हे लेखिका सांगत नाही.

रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची 'होम बरिअल' नावाची कथाकविता आहे. १९१४ च्या संग्रहातली. फ्रॉस्टचा स्वतःचा पहिला मुलगा १९०० साली चार वर्षांचा होण्याआधीच गेला होता. कवितेतली बायको नवऱ्यावर चिडली आहे, कारण त्याने मुलाची खाच स्वतःच्या हाताने खणली आणि घरात येऊन कुंपणाच्या लाकडाबद्दल बोलत बसला. तो दगड आहे, असे तिला वाटते. त्याला बोलता येत नव्हते म्हणून तो कुंपणाबद्दल बोलला, हे तिला ऐकू येत नाही, आणि त्याला ते सांगता येत नाही.

आपल्याकडे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' कादंबरी १९६८ सालची. पुस्तकात अनेक गोष्टी आहेत, नवऱ्याचा हट्ट आहे, समुद्र ओलांडणे आहे. पण आपण बोलताना सारे एका वाक्यात आटोपतो: मूल गेले, म्हणून बाई डॉक्टर झाल्या. चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून कितीतरी मोठा नवरा. मूल दहा दिवसांचे. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी, कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयात नेमणूक, आणि कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. त्या 'म्हणून' शब्दाचा मला थोडा राग येतो. दहा दिवसांच्या मुलाचे दुःख पदवीने फिटले, असे त्या शब्दातून निघते. गोपाळरावांनी बायकोच्या हातात पुस्तक दिले, ते सांत्वन म्हणून की गप्प बसवण्यासाठी, की त्यांना दुसरे काही सुचलेच नाही? तिन्ही खरे असू शकते.

लाहिरींची कथा मी घरी मराठीतून सांगितली. बायको भाजी निवडीत होती. गोष्ट संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही तिसऱ्या दिवशी वर्गावर गेला होतात. मुलांना भूप शिकवलात."

सोळा वर्षे हे तिच्या मनात होते. मी सांगितले की त्या दिवशी मी काही शिकवले नाही. तंबोरा घेऊन बसलो होतो. जोडाच्या दोन तारा एका षड्जात मिळाव्यात, एवढेच करीत होतो आणि त्या मिळत नव्हत्या. तासाभराने मुले एक एक करून उठून गेली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ती उठली, आतल्या ट्रंकेच्या तळातून एक लहान कुंची काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कुंची तिने जपून ठेवली आहे, हे मला ठाऊक नव्हते.