इंटरनेटशिवाय चालणारा टीव्ही बॉक्स

स्वस्तातल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग ओटीटीचा नाही. लग्नाचं चित्रण, जुन्या सीडीवरून उतरवलेली नाटकं, आजीच्या ओव्या हे सगळं पेनड्राइव्हवर भरून, इंटरनेट बंद असतानाही घरच्या टीव्हीवर पाहता येतं. व्हीएलसी किंवा कोडी ही मोफत ॲप त्याला पुरतात. कोडीची सुरुवात 2002 साली एक्सबॉक्स या गेम कन्सोलसाठी झाली. आजचं नाव मिळालं 2014 मध्ये.

घेताना रॅमच्या आकड्याला भुलू नका. एचईव्हीसी, म्हणजे एच.265 पद्धतीने दाबून साठवलेला व्हिडिओ, बॉक्सची चिप स्वतः उलगडते का ते विचारा. तशी सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. पेनड्राइव्ह फॅट32 फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट प्रत्येक बॉक्सला वाचता येतंच असं नाही, म्हणून आपला ड्राइव्ह दुकानात जोडूनच बघावा. मराठी सबटायटल यूटीएफ-8 मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकला जाणारा निनावी बॉक्स मात्र घरात आणूच नये. अशा काही बॉक्समध्ये बॅडबॉक्स हे मालवेअर विक्रीआधीच घातलेलं आढळलं असून, जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. कुठलाही बॉक्स घेतला तरी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये गूगलच्या ‘प्ले प्रोटेक्ट’चं प्रमाणपत्र आहे का, ते पहिल्याच दिवशी तपासा.