झटक्यांचा हिशेब

"गेल्या महिन्यात किती झटके आले?" न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीतला हा ठरलेला प्रश्न. मुलगा आईकडे बघतो. आई म्हणते, "मी पाहिले ते तीन." गोळ्या वाढवायच्या की आहेत तशाच ठेवायच्या, हे बरंचसं या 'मी पाहिले ते'वर ठरतं.

जर्मनीत बॉनच्या डॉक्टरांनी हा हिशेब ताडून पाहिला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दाखल असलेल्या 91 पेशंटांना आपले झटके लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्याच वेळी कॅमेरा आणि मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) चालूच होता. निम्म्याहून जास्त झटके पेशंटांच्या नोंदीत आलेच नाहीत. झोपेतल्या शंभरातले तर पंच्याऐंशी निसटले. काहींना रोज आठवण करून दिली, तरी फरक पडला नाही. यात आळस नाही, लपवाछपवीही नाही. अपस्माराचा झटका पुष्कळदा स्वतःची आठवणच मागे ठेवत नाही.

मग ईईजी काढला की कळेल ना? नेहमीचा ईईजी अर्ध्या तासाचा. नेमका तेवढ्यात झटका येणं म्हणजे लॉटरीच. झटके नसतानाही आलेखात काही खुणा सापडू शकतात, पण त्या नाही सापडल्या म्हणून आजार नाही असं होत नाही. शंका उरली, किंवा शस्त्रक्रियेसाठी झटक्याचं उगमस्थान शोधायचं असलं, की काही दिवस व्हिडिओ-ईईजीसाठी दाखल करतात.

आदल्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही. तंत्रज्ञ टेपने डोक्याची मापं घेतो, पेन्सिलीने खुणा करतो आणि वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतो. वर बँडेजचा फेटा. मग डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करतात, कधी रात्री जागवतात. घरी ज्याची धास्ती, त्याचीच इथे वाट पाहायची! सोबतच्या माणसाला बजावलेलं असतं: झटका आला की बटण दाबा, पांघरूण काढा, कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आई पोराला धरायला धावते आणि रेकॉर्डिंगमध्ये दिसते फक्त तिची पाठ.

पण दवाखान्यात राहून राहणार किती? मेलबर्नच्या मार्क कुक यांच्या गटाने 15 जणांच्या कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवून महिनोन्‌महिने नोंद घेतली. हातातल्या छोट्या यंत्रावर दिवे होते: झटक्याचा धोका कमी असला की निळा, मध्यम असला की पांढरा, जास्त असला की लाल. 2013 साली निष्कर्ष आले. काहींना दिव्यांचा चांगला उपयोग झाला, सगळ्यांना नाही. पुढे यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडचे पैसे संपले आणि ज्यांना दिव्यांची सवय झाली होती त्यांच्या डोक्यातूनही यंत्रं काढली गेली. मला या सगळ्या प्रकरणात हेच जास्त खटकतं.

अमावास्या-पौर्णिमेला फिट येते असं आपल्याकडे म्हणतात. मेंदूत बसवलेल्या दुसऱ्या एका यंत्राच्या, काही जणांच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंतच्या, नोंदी 2018 साली अभ्यासल्या गेल्या. 37 पेशंटांच्या त्या अभ्यासात धोक्याची भरती-ओहोटी खरंच दिसली, पुष्कळदा वीस ते तीस दिवसांची, बायकांत आणि पुरुषांतही. मात्र प्रत्येकाचं पंचांग वेगळं.

आता डेन्मार्कमध्ये कवटी न उघडता, कानामागे कातडीखाली बसणारा इलेक्ट्रोड तयार झाला आहे. त्याला मेंदूचा थोडाच भाग ऐकू येतो, पण ऐकतो तो आठवडेच्या आठवडे. आपल्या ओपीडीत तोवर मोबाइलवरचा व्हिडिओ चालतो. आधी माणसाला कुशीवर वळवायचं, मग दुसऱ्या कोणी शूटिंग करायचं. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. हुंगवायला कांदा आणि चप्पल शोधण्यात जाणारा वेळ त्याला पुरतो.