आवाजाची सरासरी आणि बेदाण्याचं गणित



सहावीच्या वर्गाबरोबर आम्ही यंदा शाळेतला आवाज मोजला. कारण साधं होतं. आमची पहिलीची खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि मागच्या बाकावरच्या पोरांना बाईंचं बोलणं नीट ऐकू जात नाही, अशी पालकांची तक्रार होती. खोली बदलायची तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे काहीतरी आकडा ठेवायला हवा. एका ओळखीच्यांकडून हातात धरायचं ध्वनिमापक यंत्र मागून आणलं आणि मोजणी सुरू केली. मोजणं सोपं निघालं. घोळ झाला तो साठवण्यात आणि सरासरीत.

पहिल्या दिवशी पोरं दर वेळी 'होल्ड' बटण दाबत होती. सगळ्यांना वाटलं, आकडा साठवला गेला. 'होल्ड' फक्त पडद्यावरचा आकडा थोपवून धरतं, दुसरं बटण दाबलं की तो गेला. अर्ध्या दिवसाची मेहनत वाया! 'मॅक्स' हे तिसरंच प्रकरण, तिथे आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा दिसत राहतो. साठवण्यासाठी यंत्रात वेगळी सोय असते, कुठे 'रेक', कुठे 'मेमरी' किंवा 'स्टोअर'. यंत्रात साठवलं तरी वहीत लिहाच. तारीख, वेळ, कोणती खोली, दार-खिडकी उघडी की बंद, यंत्र 'ए' वर होतं की 'सी' वर, 'फास्ट' की 'स्लो'. 'फास्ट' म्हणजे यंत्र सेकंदाच्या आठव्या भागाच्या हिशेबाने धावतं, 'स्लो' म्हणजे एका सेकंदाच्या. ही नोंद नसेल तर महिन्यानंतर त्या आकड्यांचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या खोलीत, मुलं मैदानावर असताना, दर दहा सेकंदांनी एक असे एका मिनिटाचे सहा आकडे घेतले: 52, 54, 53, 55, 52 आणि 82. शेवटच्या वेळी नेमका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न मारला. पोरांनी झटकन बेरीज केली, 348, भागिले 6, सरासरी 58. गणित बरोबर, उत्तर चूक.

डेसिबल हे किलो-लिटरसारखं माप नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, 3 डेसिबलला साधारण दुप्पट. म्हणून 80 डेसिबलचे दोन स्पीकर एकत्र लावले तर 160 होत नाही, 83 होतं. हे लॉगॅरिदमशिवाय सहावीला कसं सांगायचं? तासगावात बेदाण्याला काय तोटा! मी टेबलावर बेदाणे मांडले. 60 डेसिबल म्हणजे 1 बेदाणा असं धरा. मग 70 म्हणजे 10 बेदाणे, 80 म्हणजे 100. आता 60 आणि 80 ची सरासरी काढा. पोरं म्हणाली, 70. मग बेदाण्यांची काढायला लावली. 1 आणि 100 मिळून 101, त्याचे निम्मे साधारण 50. आणि 50 हे 100 च्या निम्मे, म्हणजे 80 पेक्षा 3 ने कमी. उत्तर 77! एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे मोठा आवाज लहान आवाजाला खाऊन टाकतो." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. (बेदाणे तासानंतर कुठे गेले ते विचारू नका.)

असं आधी बेदाणे करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि मग परत डेसिबलमध्ये यायचं. याला समतुल्य पातळी म्हणतात, यंत्रावर 'एलईक्यू' लिहिलेलं असतं. आमच्या सहा आकड्यांची अशी सरासरी 74 येते. 58 कुठे आणि 74 कुठे!

पण थांबा, 74 सुद्धा खरं नव्हतं. हॉर्न जेमतेम दोन सेकंद वाजला, आम्ही मात्र त्याला दहा सेकंदांचा वाटा दिला. दोनच सेकंद धरले तर त्या मिनिटाची समतुल्य पातळी 67 च्या आसपास येते. एकाच मिनिटाचे तीन आकडे झाले, 58, 74 आणि 67. म्हणूनच 'एलईक्यू' असेल तर यंत्रालाच काम करू द्यावं, ते मधला एकही क्षण सोडत नाही. 'सरासरी' नावाचं बटण असेल तर ती साधी आहे की ऊर्जेची, हे माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

साठवताना मी आता एकेका मिनिटाची समतुल्य पातळी साठवतो. साठ मिनिटांवरून तासाची काढता येते, पण तासाच्या एका आकड्यावरून मधलं मिनिट परत मिळत नाही. आणि पाच मिनिटांची नोंद व तासाची नोंद यांना सारखं वजन देऊ नये, जेवढा वेळ तेवढा वाटा.

'ए' आणि 'सी' बद्दल थोडं. 'ए' मध्ये यंत्र आपल्या कानासारखं वागतं, खर्जाचे आवाज कमी मोजतं. 63 हर्ट्झचा आवाज तर सुमारे 26 डेसिबलने कमी. ऋषिपंचमीच्या रथोत्सवाच्या गर्दीत उभं राहिलेल्यांना ढोलाचा ठोका छातीत जाणवतो, तो 'ए' वर त्या मानाने कमी भरेल. दोन्हींवर मोजलं आणि 'सी' बरंच जास्त आलं, तर खर्ज जास्त आहे असं समजावं.

तुलनेला काय धरायचं? आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, दवाखाने यांच्याभोवती किमान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात 55 आणि 45. हे आकडे बाहेरच्या हवेतले, 'ए' वरचे आणि समतुल्य पातळीचेच आहेत, क्षणाचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये वर्गात शिकवताना मागचा आवाज 35 च्या वर नसावा असं सुचवलं होतं. आमची रिकामी खोली हॉर्न नसतानाच 52 च्या पुढे होती! खरं तर पहिलीच्या पोरांचं नुकसान त्या एका हॉर्नपेक्षा या रोजच्या 52-55 ने जास्त होतं. म्हणून समितीपुढे एकच आकडा ठेवला नाही. समतुल्य पातळी, सर्वांत मोठा आकडा आणि नेहमीच्या शांत मिनिटाचा आकडा, असे तिन्ही ठेवले.

मोबाईलमधलं ॲप चालेल का, असं पालक विचारतात. दोन खोल्यांची तुलना करायला एकच मोबाईल वापरला तर चालेल. पण कायद्याच्या आकड्याशी ताडून बघायला नाही, कारण ते प्रमाणित केलेलं नसतं. चांगलं यंत्र 94 डेसिबलच्या ठरावीक आवाजावर तपासून घेतात.

समितीने मागच्या खोलीचीही मोजणी मागितली आहे. ती या आठवड्यात घेऊ. पण द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरची ये-जा वाढते, तेव्हा दोन्ही खोल्या जानेवारी-फेब्रुवारीत परत मोजाव्या लागतील.